मामांच्या खुर्चीत

चिमणीचा पुढचा दात तुटला तो बॅगेच्या चेनमुळे. चेन अडकली तर माणूस तिच्यावर साबण घासतो, मेणबत्ती फिरवतो, फार तर दोन शिव्या हासडतो. चिमणीनं ती दातात धरून ओढली. दातांच्या दवाखान्यात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला 'दातांनी बाटल्या उघडू नका हो' असं बजावणाऱ्या बाईनं हे करावं, म्हणजे लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. चेन जागची हलली नाही. वरच्या पुढच्या दोन दातांपैकी डाव्याचा चांगला पाव भाग मात्र टुकदिशी तुटून जिभेवर आला.

चिमणी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी ती फार बडबडायची म्हणून मामांनी ठेवलेलं. आता तिशी ओलांडली, बडबड केव्हाच थांबली, पण नाव तेवढं चिकटून राहिलं.

दात तुटला तोही नेमका निघायच्या आदल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं ती दूरच्या एका गावी जाणार होती. तिथं ऐकू न येणाऱ्या मुलांची शाळा होती आणि मुलांना बोलायला शिकवणारी शिक्षिका त्यांना हवी होती. चिमणीनं त्याचं शिक्षण घेतलं होतं. संध्याकाळी दवाखान्यातली शेवटची माणसं गेली की ती तिथल्याच टेबलावर वह्या उघडून बसायची. आता उद्या दुपारी मुख्याध्यापिकांसमोर एक तास घेऊन दाखवायचा, तो जमला की नोकरी पक्की आणि राहायला शाळेमागची खोली.

त्या मुलांना शिकवायचं म्हणजे तोंड दाखवून शिकवायचं. 'त' म्हणताना जीभ दातांमागे कुठे टेकते, 'स' म्हणताना दात किती जवळ येतात, हे मुलं डोळे फाडून बघतात आणि तसंच करतात. चिमणीनं आरशासमोर उभं राहून 'त, थ, द, स' म्हणून पाहिलं. 'स'ला फटीतून बारीक शिट्टी वाजली. मुलांना ती शिट्टी ऐकू येणार नव्हती, पण फट दिसणार होती, आणि वर्गातले सगळे डोळे त्या फटीत जाऊन बसले असते. ती तशीच बॅगेवर बसली आणि तिला रडू आलं.

"बघ, दातसुद्धा नको म्हणतोय," आई दारातून म्हणाली. आणि चिमणीनं 'थांब' म्हणायच्या आत जिन्याच्या तोंडाशी जाऊन तिनं हाक मारली, "दादा! अरे दादा, हिचा दात तुटला!"

दादा म्हणजे चिमणीचे मामा, आणि मामा म्हणजे दातांचे डॉक्टर. खाली दवाखाना, वर घर. चिमणी शाळेत असताना तिचे वडील गेले. तेराव्या दिवशी मामा टेम्पो घेऊन आले, बहिणीला आणि भाचीला सामानासकट उचललं आणि वरच्या मजल्यावर आणून ठेवलं. मामी आधीच गेलेल्या, मूलबाळ नाही. तेव्हापासून या दोघींना काही कमी पडलं नाही आणि मामांनी एका शब्दानं कधी बोलून दाखवलं नाही. हेच तर अवघड होतं. बोलून दाखवणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं.

मामांचा हात मात्र खरंच सोन्यासारखा. तुटका, किडका, खड्डा पडलेला दात ते दाताच्याच रंगाच्या लगद्यानं असा भरायचे की कुठे दात संपला आणि कुठे मामा सुरू झाले, हे कोणाला सांगता येत नसे. वर्षभरानं तोच पेशंट तपासायला आला की मामांना स्वतःलाच आपलं फिलिंग सापडायचं नाही. मग ते चिमणीला विचारायचे, "अगं, कुठल्या बाजूला केलं होतं आपण?" आणि खूश व्हायचे.

घरात एक रीत पडून गेली होती. सगळ्या नातेवाइकांचे दात मामांकडे, आणि सगळ्या नातेवाइकांचे निकालही मामांकडे, आणि दोन्ही एकाच वेळी. मावशीच्या मुलाला, बंड्याला, नोकरी सोडून स्वतःचं गॅरेज काढायचं होतं. दाढ भरायला आला आणि दाढ भरून, नोकरी तशीच ठेवून गेला. धाकट्या मावशीला सासूपासून वेगळं राहायचं होतं. तिचे दोन दात झाले आणि वेगळं राहणं राहून गेलं. 'मामांच्या खुर्चीत ठरलंय' असं म्हटलं की त्यापुढे कोणी अपील करत नसे. कारण सरळ होतं. त्या खुर्चीत बोलणारा एकच असायचा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार आपण ऐकून असतो. मामांकडे तोंड उघडून मिळायचा.

चिमणीला हे सगळं नीट माहीत होतं, कारण त्या प्रत्येक वेळी थुंकी ओढायची नळी धरून खुर्चीशेजारी तीच उभी असायची. मामांची हुशारीही तिला माहीत होती. दात घासेपर्यंत ते हवापाण्याच्या गप्पा मारायचे. दातावर बाँड लागला की मुद्द्यावर यायचे. बाँड म्हणजे दात आणि लगदा यांना जोडणारं औषध. ते एकदा लागलं की दाताला थुंकीचा थेंब लागता कामा नये, जीभ लागता कामा नये. लागली की सगळं वाया. म्हणून पेशंट श्वासही जपून घेतो. बंड्याच्या कपाळावर तेव्हा घामाचे थेंब जमले होते आणि चिमणीनं ते कापसानं टिपले होते.

नोकरीचं तिनं मामांना सांगितलं तेव्हा ते "बघू" म्हणाले होते. मामांचं 'बघू' म्हणजे 'नाही'च, फक्त तारीख न टाकलेलं.

आज सुट्टीचा वार. गावातले बाकीचे दोन्ही दातांचे दवाखाने बंद. आणि उघडे असते तरी डॉक्टर मामा घरात असताना दुसऱ्याकडे दात दाखवायला जायचं, म्हणजे चार लोकांत मामांचं नाक कापण्यासारखंच. अडला हरी म्हणतात तसं झालं. मामा वर आले, तिची हनुवटी धरून उजेडाकडे वळवली, तुटक्या जागेवर फुंकर घातली. ती कळवळली.

"नसेच्या जवळ गेलंय," ते म्हणाले. "काही काळजी करू नकोस. खाली चल. तासाभरात असा दात करतो की चेनलासुद्धा ओळखू येणार नाही."

ते इतक्या मायेनं म्हणाले की चिमणीला आपल्याच मनातल्या शंकेची लाज वाटली. तरी जिना उतरता उतरता तिनं धीर केला.

"मामा, मी उद्या सकाळी निघतेय. ते ठरलेलंच आहे ना?"

"आधी दात, मग बाकीचं."

"नाही, आधी तेवढं सांगा."

"अगं, दात तुटलाय तुझा, वारा लागून नस खराब होईल. बस बघू."

ती बसली. खुर्ची घरघरत मागे गेली, पाय वर आले, डोकं खाली गेलं. इतकी वर्षं या खुर्चीच्या डाव्या अंगाला उभी राहिलेली ती; इथून छत कसं दिसतं हे तिला ठाऊकच नव्हतं. छतावर ओल आलेली होती. एवढ्या लोकांनी ती बघितली असेल आणि कोणी बोललं नसेल, असं तिच्या मनात आलं.

"छोटी, तू नळी धर," मामा आईला म्हणाले. साठीला आलेली आई मामांसाठी अजून छोटीच होती. तिनं हातमोजे चढवले आणि चिमणीच्या जागी उभी राहिली.

मामांनी आधी खिडकीचा पडदा सरकवला. दाताचा रंग ठरवायचा तो ओल्या दातावर आणि खऱ्या उजेडात, हा त्यांचा नेम. दात वाळला की पांढरा दिसायला लागतो, आणि त्या खोट्या पांढऱ्याला जुळवून भरलं की चार दिवसांनी दाताचा मूळ रंग परत येतो आणि फिलिंग तोंडात खडूसारखं चमकतं. त्यांनी रंगांच्या नमुन्यांची पट्टी तिच्या ओठाशी धरली, एक नमुना लावून बघितला, मान हलवली, दुसरा लावला. "ए-दोन. टोकाला जरा पारदर्शक. तुझ्या आईसारखेच दात आहेत तुझे, तिचेही लहानपणी असेच होते." आई हसली. मग सुई. टोचलेलं कळलंसुद्धा नाही, एवढ्या हळू.

"दुखलं तर डावा हात वर कर," मामा म्हणाले. हे वाक्य चिमणीनं हजारदा ऐकलेलं. आपल्याला कोणी म्हणेल असं वाटलं नव्हतं.

मग आली प्लॅस्टिकची चौकट. पुढच्या दातांचं काम असलं की ती ओठांच्या आत बसवतात. तिनं दोन्ही ओठ मागे ताणले जातात आणि सगळे दात उघडे पडतात. बसवली की माणूस दात काढून हसतोय असं दिसतं, मग मनात काही का असेना. ओठाच्या आत दोन्ही बाजूंना कापसाच्या वळकट्या गेल्या, जिभेखाली नळी गेली. फटफटीत दिवा तोंडावर आला.

"बघ, कशी हसतेय आमची चिमणी," मामा म्हणाले.

त्यांनी बारीक मशीननं तुटलेली कड घासायला घेतली आणि बोलायला सुरुवात केली. आधी हवापाणी. मग बंड्या, त्याला म्हणे बढती मिळाली. "गॅरेज काढलं असतं तर आज पाने घासत बसला असता." मग धाकटी मावशी. सासू गेली, अख्खं घर तिचं झालं. "बाहेर पडली असती तर काय मिळालं असतं?" आणि मग मशीनचा आवाज थांबवून, अगदी सहज, "माणूस रागात, भरात काहीतरी ठरवतो. जवळच्यांनी त्याला सावरायचं असतं."

चिमणीनं डावा हात वर केला.

"दुखतंय? नसेजवळ आहे ना, म्हणून." आणि मामांनी दुसरी सुई भरली. तिनं मान हलवली, घशातून आवाज काढला, तेवढ्यात सुई टोचून झालीसुद्धा. "आता काही कळायचं नाही."

खरंच कळेना. वरचा ओठ गेला, नाकाचा शेंडा गेला, गालाचा अर्धा भाग गेला. आपलं तोंड आपलं राहिलेलं नाही, असं तिला वाटू लागलं. तिला एकदम भीती वाटली. साधी, लहान मुलाला अंधारात वाटते तशी भीती. उठून पळावं, असं पायांना वाटत होतं. पण उठणार कशी? दात घासून झालेला, उद्या वर्ग घ्यायचा, आणि हा दात नीट करू शकणारा एकच माणूस हातात हत्यार घेऊन तोंडावर वाकलेला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

दात खरबरीत करणारं निळं जेल लागलं, धुतलं गेलं, हवेच्या फवाऱ्यानं दात खडूसारखा वाळला. मग मामांनी बारीक ब्रशनं बाँड लावला. गार वास आला. चिमणीनं डोळे मिटले, कारण आता काय येणार हे तिला ठाऊक होतं.

"आता अजिबात हलायचं नाही," मामा म्हणाले. "जीभ लावायची नाही. तुला काय सांगायचं, तूच सगळ्यांना सांगतेस." निळा दिवा लागला, यंत्र टीं टीं करून थांबलं. "हां. तर मी काय म्हणत होतो..."

आणि मामा मुद्द्यावर आले.

"हा दवाखाना मी कोणासाठी ठेवणार आहे? मला कोण आहे? तुम्ही दोघीच. नवा डॉक्टर ठेवू, तो दात बघेल, बाकी सगळं तुझं. तुझी आई आता या वयात एकटी राहणार का? तिला रात्री-बेरात्री काही झालं तर? आणि माझे हात आता..." ते क्षणभर थांबले. लगद्याचा कण चपट्या हत्यारावर घेऊन त्यांनी तो दाताच्या मागच्या बाजूला बसवला, अगदी हलका, भिंत उभारल्यासारखा. हात जराही थरथरत नव्हता. "माझेही दिवस आता किती राहिलेत? तू गेलीस तर सकाळी खाली उतरल्यावर मी हाक कोणाला मारू?"

हे शेवटचं त्यांनी खरं सांगितलं. चिमणीला ते कळलं आणि आत कुठेतरी तुटलं. मामा दुष्ट असते तर किती बरं झालं असतं! आपलेच दात, आपलेच ओठ. तिला सांगायचं होतं की, मामा, मी दर महिन्याला येईन, रोज फोन करीन, पण मला जाऊ द्या, इथे मी नळी धरून म्हातारी होईन. हे सगळं घशाशी आलं आणि कापसाच्या वळकट्यांपाशी अडलं. तिनं पुन्हा हात वर केला.

"आता दुखूच शकत नाही. दोन सुया दिल्यात." मामांनी तो हात अलगद खाली ठेवला. "छोटी, हात धर गं तिचा, घाबरलीये ती."

आईनं एका हातात नळी सांभाळली आणि दुसऱ्या हातानं चिमणीचा हात धरला. घट्ट आणि प्रेमानं. मऊ हाताची ती पकड चिमणीला सोडवता येईना.

"सकाळी त्या बाईंचा फोन आला होता," मामा म्हणाले. "शाळेच्या. दवाखान्याच्या फोनवर. तू आंघोळीला गेली होतीस. उद्या येताय ना म्हणून विचारत होत्या. मी म्हटलं, विचारून सांगतो. आता बिचाऱ्या वाट बघत असतील, त्यांना ताटकळत ठेवणं बरं नाही." त्यांनी निळा दिवा पहिल्या थरावर धरला. "छोटी, लाव तो फोन. यादीत सगळ्यात वरचाच नंबर आहे. आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेव. चोरून काही करायचं नाही आपल्याला. तिच्यासमोर होऊ दे."

आईनं चिमणीचा हात सोडला, मोज्याच्या बोटानं फोन लावला आणि ट्रेमध्ये, कापसाच्या डब्याशेजारी ठेवला. तिनं चिमणीकडे बघितलं नाही. रिंग वाजायला लागली.

चिमणी डोळे उघडून छताकडे बघत होती. पहिला थर कडक झाला होता. अजून दोन थर, मग घासणं, मग चकाकी. इतका सुंदर दात होणार होता की मुलं बघत राहिली असती. पण तो दात घेऊन ती इथल्याच टेबलामागे बसणार होती आणि लोकांना सांगणार होती, दातांनी बाटल्या उघडू नका.

"हॅलो?" पलीकडून बाईंचा आवाज आला. जाडसर, शांत.

"नमस्कार बाई. मी सकाळी बोललो तो. भाचीबद्दल." मामांनी निळ्या दिव्यासाठी घातलेला नारिंगी काचेचा चष्मा कपाळावर सरकवला. "काय आहे, ती उद्या येऊ शकणार नाही. उद्या म्हणजे... एकूणच जमणार नाही. घरच्या अडचणी आहेत. तिलाही फार वाईट वाटतंय. इथेच आहे ती माझ्याजवळ, तिच्यासमोरच बोलतोय. हो ना गं?"

चिमणीच्या घशातून आवाज निघाला. तो 'नाही' होता. पण चौकटीतून बाहेर पडणारा कुठलाही आवाज सारखाच असतो, हे त्या खोलीतल्या तिघांनाही माहीत होतं.

"त्या स्वतः बोलतील का जरा?" बाई म्हणाल्या.

"बोलली असती हो, पण आत्ता दाताचं काम चालू आहे. बाँड लागलाय, बोलता येत नाही तिला. मी सांगतो ना."

"बरं," बाई म्हणाल्या. त्या 'बरं'मध्ये थोडा कोरडेपणा आला. फोन ठेवायच्या आधी येतो तसा. "ठीक आहे. मग मी दुसऱ्या बाईंना..."

चिमणीनं आईच्या हातातली नळी बाजूला ढकलली. बोटं चौकटीत घातली आणि ती ओढून काढली. कापसाच्या वळकट्या एकापाठोपाठ एक थुंकल्या, त्यातली एक मामांच्या कोटावर जाऊन चिकटली. आणि तिनं तोंड मिटलं. ओल्या ओठांसकट, जिभेसकट, गच्च. अर्धवट दात सगळ्या बाजूंनी थुंकीत भिजला.

"अगं, अगं, अगं!" मामा ओरडले. ते मामा म्हणून नाही ओरडले, कारागीर म्हणून ओरडले. सुगरणीच्या हातातून भरलेलं पातेलं सुटावं तसे. "गेलं ना सगळं! सगळं गेलं!"

"बाई," चिमणी म्हणाली, "मी बोलतेय. मी उद्या येतेय. दुपारच्या आधी पोचते."

म्हणजे तिला हे म्हणायचं होतं. तोंडातून आलं ते भलतंच. वरचा ओठ लाकडाचा झालेला, त्यामुळे 'ब' मिटला नाही, 'म' नाकातून गेला, 'प' हवेत विरला, आणि फटीतून शिट्टी वाजली ती वेगळीच. हनुवटीवरून लाळ ओघळली. बोलायला शिकवायला निघालेल्या बाईंचं हे बोलणं! कोणीही हसलं असतं. चिमणीला वाटलं, संपलं.

"कळलं मला," बाई म्हणाल्या. "उद्या, दुपारच्या आधी. या."

"दात... अर्धा आहे. वाईट दिसेल."

"हेही कळलं. आमच्या मुलांचं बोलणं समजून घेण्यात जन्म गेला माझा. या तुम्ही." आणि त्यांनी फोन ठेवला.

खोलीत फक्त नळीचा सुंसुं आवाज राहिला. ती चालूच होती आणि आईच्या हातात नुसती हवा ओढत होती. मामांनी खाली वाकून ती बंद केली. मग कोटावरची वळकटी उचलून टोपलीत टाकली.

"चूळ भर," ते म्हणाले.

चिमणीनं चूळ भरली. निम्मं पाणी बधिर ओठाच्या कडेनं गळ्यावर सांडलं. जिभेनं तिनं दात चाचपला. पुढे खडबडीत, मागे मामांनी उभारलेली पातळ, गुळगुळीत भिंत. तेवढीच टिकली होती.

मामा स्टुलावर बसले होते. एकदम म्हातारे दिसायला लागले होते. "बस परत," ते म्हणाले. "वरचा थर घासून काढतो, नव्यानं करतो. अर्ध्या दातानं जाणार का तू? मी एक शब्द बोलणार नाही."

चिमणीनं त्यांच्याकडे बघितलं. तिचा विश्वास बसला. ते खरंच एक शब्द बोलले नसते. खाली मान घालून, डोळ्यांत पाणी आणून दात केला असता, आणि तो बघून ती उठू शकली नसती. तिला त्या खुर्चीत परत पडावंसं वाटलं, मनापासून वाटलं.

तिनं मान हलवली. नाही.

"आ कर बघू, निदान कड तरी गुळगुळीत करू दे. ओठ कापेल."

तिनं तोंड मिटलेलंच ठेवलं आणि खुर्चीतून पाय खाली टेकवले. गळ्यातला कागदी रुमाल स्वतःच काढला. मामांच्या जवळ जाऊन वाकून त्यांच्या पाया पडायला गेली, तर त्यांनी पाय मागे घेतले. ते तिला फार लागलं. ते औषधानं बधिर होणारं दुखणं नव्हतं.

"छोटी," मामा तिच्याकडे न बघता बहिणीला म्हणाले, "तू तरी काही सांग हिला."

आई खुर्चीच्या डाव्या अंगाला, चिमणीच्या जागी उभी होती. हातात मोजे, मोज्यांत नळी. तिनं ओठ उघडले. चिमणी थांबली. 'जा' म्हण, 'जाऊ नकोस' म्हण, शिव्या घाल, पण बोल, असं तिला वाटलं. आईच्या तोंडात काहीच नव्हतं. चौकट नव्हती, कापूस नव्हता, कोणी सुई टोचलेली नव्हती. तरीही शब्द येईना. ओठ थोडे हलले आणि पुन्हा मिटले. या घरात आल्या दिवसापासून आपण आईचं स्वतःचं असं एक वाक्य ऐकलं आहे का, हे चिमणीला आठवून पाहूनही आठवेना.

"आई," ती त्या लाकडी ओठांनी म्हणाली, "तू येतेस माझ्याबरोबर?"

आईला ते पहिल्या फटक्यात कळलं. तिचा चेहरा एकदम उजळला. लहानपणीच्या फोटोत असायचा तसा, दात दाखवत. आणि मग उत्तर द्यायच्या आधी तिनं दादाकडे बघितलं.

चिमणी जिना चढून सकाळच्या बससाठी बॅग आवरायला गेली.